कौल, करार आणि पत : बेंगळूरमधील परकीय भांडवल आणि संस्थांची गुणवत्ता

एखाद्या देशातील संस्था जितक्या सुदृढ, तितके तेथे परकीय भांडवल अधिक येते, हे विधान गेल्या तीन दशकांत अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जवळजवळ गृहीतकासारखे रूढ झाले आहे. डग्लस नॉर्थ यांच्या १९९० मधील ग्रंथाने 'संस्था' म्हणजे समाजातील व्यवहाराचे नियम, लिखित आणि अलिखितही, अशी व्याख्या प्रचलित केली. १९९६ पासूनच्या आकडेवारीवर आधारलेले जागतिक बँकेचे शासनविषयक निर्देशांक, आणि २००३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला व्यवसायसुलभतेचा वार्षिक अहवाल, यांनी या कल्पनेला आकड्यांचे रूप दिले. असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये वसाहतकालीन संस्थांचा आजच्या समृद्धीशी संबंध जोडला. २०२४ मध्ये या तिघांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान, व्यवसायसुलभतेचा अहवाल आकडेवारीतील अनियमितता उघड झाल्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये जागतिक बँकेला बंद करावा लागला. गुणवत्ता मोजणाऱ्या संस्थेच्याच गुणवत्तेविषयी प्रश्न उभा राहावा, ही घटना या विषयाच्या अभ्यासकांनी विसरण्याजोगी नाही.

उदयोन्मुख अर्थव्यवस्थांच्या चर्चेत बेंगळूर हे यशाचे उदाहरण म्हणून पुढे केले जाते. प्रस्तुत निबंधात या शहराच्या इतिहासाच्या आधारे त्या विधानाची तपासणी केली आहे. तुलनेसाठी महाराष्ट्रातील दाभोळ प्रकल्पाचा विचार केला आहे, कारण परकीय भांडवल आणि शासनसंस्था यांच्या संबंधाची मराठी समाजातील सर्वांत तीव्र चर्चा त्या प्रकल्पानिमित्त झाली.

१. शब्दांची पूर्वपीठिका

इंग्रजी संज्ञेचा मराठी अनुवाद करताना पहिली अडचण 'संस्था' या शब्दापाशीच येते. नॉर्थ यांनी खेळाचे नियम आणि खेळणारे संघ यांत काटेकोर भेद केला. मराठीत मात्र शिक्षणसंस्था, सहकारी संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था या सर्व खेळणाऱ्याच आहेत. त्याच धातूपासून आलेला 'संस्थान' हा शब्द राजसत्तेचा वाचक ठरला. परिणामी मराठी वाचकाच्या मनात नियम आणि नियम पाळणारी यंत्रणा या दोन गोष्टी सहसा एकत्रच उभ्या राहतात. हा भाषेचा दोष मानण्याचे कारण नाही. नियम कागदावर चांगला असून तो राबवणारी यंत्रणा दुबळी असेल तर गुंतवणूकदाराला आणि नागरिकालाही त्याचा उपयोग नसतो, हे भान त्या शब्दात आहे.

या विषयाला अधिक जवळचा जुना शब्द 'कौल' हा आहे. अरबीतून दख्खनच्या व्यवहारात आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ वचन. ओसाड गाव पुन्हा वसवायचे असेल किंवा नवी पेठ उभारायची असेल, तर राज्यसत्ता रयतेला व व्यापाऱ्यांना कौल देई. काही वर्षे जकात व पट्टी माफ, उपद्रव न देण्याचे अभय, आणि नंतर इस्ताव्याच्या पद्धतीने क्रमाक्रमाने वाढणारा सारा, असे त्याचे स्वरूप असे. बाहेरचे भांडवल आणि श्रम आकर्षित करण्यासाठी करसवलत व संरक्षण यांची लेखी हमी देण्याची ही रीत आजच्या विशेष आर्थिक क्षेत्रांच्या तरतुदींशी रचनेने फार वेगळी नाही. कौल परकीयांनाही दिला जाई. १६३९ मध्ये मद्रास येथे स्थानिक नायकाकडून इंग्रज कंपनीला मिळालेल्या सनदेचा उल्लेख 'कौल' असाच होत आला आहे. त्याच सुमारास बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले होते. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये यांचा बहुभाषिक 'राधामाधवविलासचंपू' तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. अनेक भाषांच्या वर्दळीचे हे शहर कौलाच्या व्यवहारालाही अपरिचित नव्हते.

परकीय भांडवलाविषयीचा संशयही तितकाच जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील 'आज्ञापत्रा'त सावकार हे राज्याची शोभा असल्याचे सांगून त्यांना सन्मानाने आणावे, वसवावे असा उपदेश आहे. टोपीकरांच्या बाबतीत मात्र सावधगिरी सुचविली आहे. इतर व्यापाऱ्यांप्रमाणे हे केवळ व्यापारी नाहीत, त्यांच्यामागे त्यांचे राजे उभे आहेत, म्हणून त्यांना समुद्रकिनारी मजबूत ठाणे करू देऊ नये, असा त्याचा आशय. भांडवलाचे मूल्यमापन करताना त्याच्यामागे कोणती सत्ता उभी आहे याचा विचार करणारी ही दृष्टी होती. या प्रश्नाचे उत्तर पुढील तीन शतकांत वेगवेगळे मिळत गेले.

२. संस्थानी म्हैसूर : कोलार ते विमान कारखाना

बेंगळूरच्या परिसरातील आधुनिक परकीय गुंतवणुकीचा पहिला मोठा अध्याय कोलारच्या सोन्याच्या खाणींचा होय. १८८० च्या दशकात लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या पेढीने येथील खाणींची व्यवस्था हाती घेतली. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य पुन्हा वडियार घराण्याकडे सोपविले गेले होते. संस्थानाला स्वामित्वशुल्काचे उत्पन्न हवे होते, कंपन्यांना निर्वेध उत्खनन हवे होते. खाणींना लागणाऱ्या शक्तीचा प्रश्न दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत आखलेल्या शिवनसमुद्र योजनेने सुटला. कावेरीच्या धबधब्यावर संस्थानाने जलविद्युत केंद्र उभारले. यंत्रसामग्री अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक आणि स्वित्झर्लंडच्या एशर विस या कंपन्यांकडून आली आणि १९०२ मध्ये दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरील कोलारला वीज पोहोचली. बेंगळूर शहरात विजेचे दिवे १९०५ मध्ये लागले.

या व्यवहाराची रचना नीट पाहिली पाहिजे. वीज निर्माण करणारे संस्थान होते आणि ती विकत घेणारी परकीय कंपनी. भांडवली खर्चाचा धोका संस्थानाने पत्करला, तरी ग्राहक निश्चित होता आणि त्याचे उत्पन्न पौंडांत होते. कंपनीच्या विश्वासाचा पाया मात्र केवळ म्हैसूरच्या प्रशासनाची गुणवत्ता हा नव्हता. संस्थानावर ब्रिटिश सार्वभौमत्वाची छाया होती आणि करार मोडणे दरबाराला राजकीयदृष्ट्या शक्यच नव्हते. 'आज्ञापत्रा'तील निकषाने पाहता टोपीकरांचा राजा आता करारातील दोन्ही पक्षांच्या मागे उभा होता. अशा परिस्थितीतील करारपालनाला संस्थात्मक गुणवत्ता म्हणावे की सक्ती, हा प्रश्न निर्देशांकांच्या भाषेत विचारताच येत नाही. खाणींत उतरणाऱ्या, बहुतांशी तमिळभाषक दलित मजुरांना या कराराच्या कोणत्याही कलमात स्थान नव्हते. १९५६ मध्ये खाणी म्हैसूर सरकारकडे आल्या, २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. मागे उरले ते सायनाइडयुक्त गाळाचे डोंगर.

मात्र म्हैसूरच्या प्रशासनाने मिळालेल्या अवकाशात स्वतःची पत निर्माण केली, हेही खरे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेला दरबाराने जमीन दिली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत अभियंता म्हणून नाव मिळविलेले मो. विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात दिवाण होते. १९१३ ची म्हैसूर बँक आणि भद्रावतीचा लोखंड कारखाना ही त्यांच्या धोरणाची फळे. मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, डिसेंबर १९४० मध्ये, सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी बेंगळुरात स्थापन केली. तंत्रज्ञान आणि कारखान्याची उभारणी अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्या कंपनीकडे होती, आणि म्हैसूर सरकार भागधारक होते. मराठी मुलखात वाढलेला उद्योजक, अमेरिकन तंत्रज्ञ आणि कन्नड संस्थान यांचा हा संयोग ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारी यंत्रणेच्या उदासीनतेतून घडला, कारण उत्साही भागीदार संस्थानात सापडला. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार भागीदार झाले आणि १९४२ मध्ये युद्धाच्या निकडीत त्याने वालचंदांचे भाग विकत घेतले. खासगी उद्योजक बाहेर पडला, पण कारखाना, कारागीर आणि कौशल्य शहरात राहिले.

३. बंद दाराआडची तयारी आणि उपग्रहाची खिडकी

स्वातंत्र्यानंतर याच पायावर इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (१९४८), हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) हे सार्वजनिक उद्योग उभे राहिले. यांपैकी मशीन टूल्ससाठी स्विस आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी फ्रेंच कंपनीचे सहकार्य होते. जर्मन बॉश समूहाशी संबंधित मायको हा कारखानाही याच शहरात होता. नंतर अंतराळ संशोधनाचे मुख्यालय आले. अर्थव्यवस्था परकीय भांडवलाला उत्तरोत्तर बंद होत असताना ही घडण चालू होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानंतर १९७७ मध्ये कोकाकोला आणि १९७८ मध्ये आयबीएम या कंपन्या देशातून निघून गेल्या. नेमक्या त्याच वर्षी कर्नाटक राज्याच्या केओनिक्स महामंडळाने, आर. के. बलिगा यांच्या कल्पनेनुसार, बेंगळूरच्या दक्षिणेस इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी हाती घेतली.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरात आपले संरचना केंद्र स्थापन केले. या घटनेला जाहिरातवजा वाङ्मयात मुक्त बाजारपेठेचा आरंभ म्हटले जाते. वस्तुतः तेव्हा उदारीकरण सहा वर्षे दूर होते, आणि दळणवळणावर सरकारची कायदेशीर मक्तेदारी होती. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे नियम सैल केले होते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने उपग्रहाद्वारे थेट जोडणीची परवानगी मिळवून दिली. एकूण व्यवस्था बदलली नव्हती. व्यवस्थेत एक खिडकी उघडली होती.

या अपवादाला नियमाचे रूप सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांनी दिले. १९९० मध्ये बेंगळूर, पुणे आणि भुवनेश्वर येथे ती सुरू झाली आणि जून १९९१ मध्ये एका नोंदणीकृत संस्थेखाली एकत्र आणली गेली. शंभर टक्के परकीय मालकीला मुभा, शुल्कमुक्त आयात, ठरावीक मुदतीची आयकरसवलत, संस्थेच्या स्वतःच्या भूकेंद्रातून उपग्रहजोडणी आणि बहुतेक परवानग्या एकाच कार्यालयात अशी ही योजना होती. आयकरसवलतीची मुदत ३१ मार्च २०११ रोजी संपली, ती जाहीरपणे आणि कायद्यानुसार. मुदत असलेले वचन मुदतीपर्यंत पाळले गेले. जुन्या कौलाशी या योजनेचे साम्य येथे सर्वाधिक आहे.

पुणे आणि बेंगळूर या दोन्ही शहरांना ही योजना एकाच वेळी मिळाली असताना बेंगळूर पुढे का गेले, याचे उत्तर करसवलतीत सापडत नाही. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळूरला गेली, कारण मायको हा तिचा ग्राहक तेथे होता. ग्राहक, अभियंते, प्रयोगशाळा आणि शिक्षणसंस्था यांची दाटी आधीच्या ऐंशी वर्षांत सार्वजनिक पैशाने झाली होती. संस्थात्मक गुणवत्तेमुळे परकीय भांडवल आले हे विधान बेंगळूरपुरते मान्य केले, तरी ती गुणवत्ता बंद अर्थव्यवस्थेच्या काळात साठलेली होती, हे त्यासोबत मान्य करावे लागते.

या यशाला मर्यादाही होती. सिंगापूरचा उद्योगसमूह, टाटा आणि कर्नाटक सरकारचे औद्योगिक मंडळ यांच्या भागीदारीत व्हाइटफील्ड येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या तंत्रज्ञान उद्यानाने स्वतःचे वीजकेंद्र उभारले होते. शहराच्या वीजपुरवठ्यावर विसंबता येत नाही, याची ही स्पष्ट कबुली होती. गुंतवणूकदाराने राज्याच्या संस्थांवर विश्वास ठेवला असे म्हणण्यापेक्षा, त्यांना वळसा घालण्याची सोय राज्यानेच करून दिली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

४. दाभोळ : दोन कौल

वळसा घालणे जेथे अशक्य होते, तेथे काय घडले याचे उदाहरण दाभोळ. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. १९९३ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे कळवून अर्थसाहाय्य नाकारले, तरी त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. १९०२ च्या कोलार व्यवहाराची येथे उलटापालट झाली होती. आता परकीय कंपनी विक्रेती होती आणि राज्याचे मंडळ ग्राहक. दर डॉलरशी निगडित होते आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार देणे बंधनकारक होते. राज्य सरकारची हमी आणि १९९४ मध्ये केंद्र सरकारची प्रतिहमी मिळाल्याने कागदावर हा करार गुंतवणूकदाराच्या दृष्टीने जवळजवळ अभेद्य होता.

मराठीत 'कौल' या शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ मतदारांचा निर्णय असा आहे. मार्च १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत सत्तांतर झाले, आणि ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याची घोषणा केली. सत्तेने दिलेला जुना कौल आणि मतदारांनी दिलेला नवा कौल एकमेकांसमोर उभे ठाकले. कंपनीने लंडन येथे लवादाची कारवाई सुरू केली. पुढे फेरवाटाघाटी होऊन १९९६ च्या आरंभी प्रकल्प अधिक मोठ्या स्वरूपात पुनरुज्जीवित झाला. ज्या सरकारने करार लोकहितविरोधी ठरविला, त्याच सरकारने तो वाढवून स्वीकारला. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. काही महिन्यांत युनिटमागे सात रुपयांहून अधिक आकार मोजावा लागल्याने मंडळ डबघाईस आले आणि २००० च्या अखेरीस त्याने देयके थकविली. माधव गोडबोले समितीचा अहवाल एप्रिल २००१ मध्ये आला, मे अखेरीस केंद्र बंद पडले आणि डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीने ते केंद्र हाती घेतले.

रेमंड व्हर्नन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, परकीय भांडवल एकदा जमिनीत रुतले की वाटाघाटीतील पारडे यजमान सरकारकडे झुकते. दाभोळचे स्पष्टीकरण सामान्यतः याच चौकटीत दिले जाते. पण येथे अधिक महत्त्वाची गोष्ट कराराच्या जन्माची होती. निविदा मागविल्या गेल्या नाहीत. तपशील दीर्घकाळ गोपनीय राहिले. ज्यांना दर भरायचा होता त्यांना दर ठरविण्याची पद्धत ठाऊक नव्हती. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या गटांनी आकडेमोड लोकांसमोर मांडली, तेव्हा त्या मजकुराचे जाहीर वाचन सुरू झाले. वीज नियामक आयोग महाराष्ट्रात १९९९ मध्ये अस्तित्वात आला, म्हणजे कराराच्या सहा वर्षांनंतर. प्रकल्पाला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवरील पोलिसी कारवाईची नोंद ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने त्याच वर्षीच्या अहवालात केली. गुंतवणूकदाराला लंडनचा लवाद उपलब्ध होता. गुहागर तालुक्यातील शेतकऱ्याला तसा लवाद नव्हता.

कर्नाटकालाही वीजक्षेत्रात यश आले नाही. मंगळूरजवळ एक हजार मेगावॅटचा प्रकल्प उभारू पाहणारी कोजेंट्रिक्स ही अमेरिकन कंपनी अनेक वर्षांच्या न्यायालयीन व प्रशासकीय विलंबानंतर डिसेंबर १९९९ मध्ये निघून गेली. ज्या दशकात बेंगळूर जगाच्या नकाशावर आले, त्याच दशकातील, त्याच राज्यातील ही घटना आहे. राज्य तेच, नोकरशाही तीच, उच्च न्यायालय तेच. तरी सॉफ्टवेअरचा व्यवहार फळला आणि विजेचा फसला.

५. बेंगळूरचे दुसरे पान

शहरात परकीय भांडवलाला विरोधही झाला. डिसेंबर १९९२ मध्ये कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी कारगिल कंपनीच्या बेंगळूर कार्यालयात मोडतोड केली. १९९५ मध्ये केंटकी फ्राइड चिकनच्या उपाहारगृहाचा परवाना महापालिकेने रद्द केला, उच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली, आणि जानेवारी १९९६ मध्ये आंदोलकांनी तेथे हल्ला केला. न्यायालयाचे स्वातंत्र्य आणि रस्त्यावरचा असंतोष ही दोन्ही एकाच शहराची लक्षणे होती. भविष्यातील बियाण्यांवर हक्क कोणाचा, हा रयत संघाचा प्रश्न मोडतोडीच्या निषेधाने निकालात निघत नाही.

अधिक गंभीर प्रकरण देवास–अँट्रिक्सचे. अंतराळ विभागाची बेंगळूरस्थित व्यापारी कंपनी अँट्रिक्स आणि परकीय भागधारक असलेली देवास मल्टिमीडिया यांच्यात जानेवारी २००५ मध्ये उपग्रहांवरील एस-बँड क्षमता भाड्याने देण्याचा करार झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने सामरिक गरजेचे कारण देऊन तो रद्द केला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने अँट्रिक्सला ५६.२५ कोटी डॉलर भरपाई देण्यास सांगितले. मॉरिशस आणि जर्मनीशी असलेल्या गुंतवणूक-करारांखालील लवादांतही निर्णय भारताविरुद्ध गेले. उलटपक्षी, मे २०२१ मध्ये कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या बेंगळूर खंडपीठाने देवास कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला, आणि १७ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ व्यवहारच फसवणुकीवर आधारलेला असल्याचा निष्कर्ष कायम केला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर देवासच्या बाजूने निकाल दिला.

एकाच कराराविषयी दोन न्यायपरंपरांनी परस्परविरोधी वाचन केले आहे. एकीच्या मते राज्याने वचन मोडले, दुसरीच्या मते ते वचन मुळात कपटाने मिळविले होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि देवास ही दोन्ही बेंगळूरची उदाहरणे, आणि दोन्हींत उपग्रह हाच दुवा. पहिल्यात एका विभागाने दिलेली परवानगी मर्यादित, उघड आणि सहज तपासण्याजोगी होती. दुसऱ्यात वर्णपटासारखी दुर्मिळ सार्वजनिक संपत्ती खुल्या स्पर्धेविना दिली गेली. दाभोळशी असलेले हे साम्य नजरेआड करता येत नाही.

६. निष्कर्ष

या इतिहासावरून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, संस्थात्मक गुणवत्ता हा देशाचा किंवा राज्याचा सरासरी गुण नाही. वचन ज्या वाटेने जाते, त्या वाटेवरील प्रत्येक हाताची ती गुणवत्ता असते. सॉफ्टवेअरची वाट आखूड होती. विजेची वाट जमीन, इंधन, दर, मंडळाचा ताळेबंद आणि मतदार यांच्यामधून जात होती. दुसरी, गुंतवणूकदाराला दिलेली हमी जितकी भक्कम, तितकी संस्था चांगली, हे समीकरण दाभोळने खोटे ठरविले. ज्यांनी किंमत मोजायची त्यांना वाचता न येणारा करार कागदावर कितीही अभेद्य असला, तरी पहिल्या निवडणुकीत तो डळमळतो. तिसरी, भांडवल खेचून आणणाऱ्या संस्थांचा मोठा भाग भांडवलाच्या आगमनापूर्वी, त्याच्या मदतीविना आणि काही वेळा त्याला विरोध असतानाच घडतो. १९०९ ची विज्ञान संस्था आणि १९४० चा विमान कारखाना यांचा लाभ १९८५ मध्ये आलेल्या कंपनीला मिळाला.

जुन्या कौलनाम्यात राजा, व्यापारी आणि पेठ वसविणारे शेटे-महाजन हे सर्व जागेवर असत. वचन मोडल्याची बातमी पुढच्या बाजारपेठेत पोहोचे आणि राज्याची पत घसरे. आधुनिक करारात देणारा एका शहरात, घेणारा दुसऱ्या खंडात, लवाद तिसऱ्या ठिकाणी आणि किंमत मोजणारा चौथ्याच गावात असतो. कोलारचा खाणमजूर आणि दाभोळचा वीजग्राहक हे दोघेही आपल्याविषयीच्या करारांचे वाचक कधी नव्हते. संस्थांच्या गुणवत्तेचे मोजमाप करताना या अनुपस्थित वाचकाची नोंद निर्देशांकांत आजही होत नाही. ती नोंद करण्याची साधने अर्थशास्त्रापेक्षा इतिहासाकडे आणि मजकुराच्या वाचनाची शिस्त असलेल्या तौलनिक अभ्यासाकडे अधिक आहेत.